बिननावी सायकलीवर खोटं नाव चिकटवू नका

जुनी सायकल विकायला निघाली की गिऱ्हाईक आधी हँडलखालची उभी नळी बघतं. तिथे कंपनीचा पितळी बिल्ला असेल तर भाव वेगळा, नसेल तर वेगळा. बिल्ला नसलेल्या सायकलीचं पुढे दोनपैकी एक होतं. ती किलोवर भंगारात जाते, नाहीतर एखादा विक्रेता ती उचलतो, पॉलिश पेपरनं घासून पांढरी करतो, चकचकीत काळा रंग मारतो, छापून आणलेलं स्टिकर डकवतो आणि ‘ओरिजिनल इंग्लंडची रॅले’ म्हणून हौशी माणसाच्या गळ्यात मारतो. पहिल्या वाटेनं सायकल संपते. दुसऱ्या वाटेनं सायकल राहते, पण ती कुठली, कधीची, कोणाच्या घरची हे सांगणाऱ्या सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि त्यांच्या जागी एक थाप येऊन बसते. दुसरं नुकसान अधिक वाईट. भंगारात गेलेल्या सायकलीबद्दल निदान कुणाची दिशाभूल होत नाही.

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे गाव या विषयावर बोलायला योग्य जागा आहे. गाव ओळखलं जातं ते जुन्या दगडी मंदिरांसाठी. गोकुळेश्वराचं मंदिर, बारव, उभा कोरीव स्तंभ आणि गावभर विखुरलेले मूर्ती-खांबांचे अवशेष. अशा मंदिरांना आपल्याकडे सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. पण महाराष्ट्रातली त्याच्या आधी बांधलेली मंदिरंसुद्धा त्याच्याच खात्यावर जमा झाली, कारण दगडाचं जुनं देऊळ दिसलं की लोकांना एकच नाव आठवतं. अभ्यासक मात्र तसं करत नाहीत. ज्या वास्तूवर लेख नाही तिचे खांब बघतात, त्यांचे घाट बघतात, द्वारशाखेवर काय कोरलंय, छताचे दगड कसे रचलेत, मूर्तीच्या हातात काय आहे, हे बघून काळ ठरवतात. काही ठिकाणी ‘अमुक शतकाच्या आसपास’ एवढंच म्हणून थांबतात. ते थांबणंही अभ्यासाचाच भाग असतो.

जुन्या सायकलींचंही नेमकं हेच झालं आहे. काळी, उंच, रॉडच्या ब्रेकची सायकल दिसली की ‘रॅले असणार’, दोन दांड्या दिसल्या की ‘इंग्लिश माल’. हेमाडपंतीसारखंच हे एक सोयीचं लेबल. आणि मंदिराला जी शिस्त लावतात तीच सायकलीला लावली तर निम्म्याहून अधिक रॅले दुसऱ्याच कुणाच्या तरी निघतील.

मराठवाड्याची सायकल मुळात आली कुठून, हे आधी पाहायला हवं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकातखातंही वेगळं, करोडगिरी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडपासून हैदराबादपर्यंत मीटरगेज रेल्वे झाली आणि जालना, सेलू, परभणी ही गावं त्या रुळांवर आली. मुंबईच्या बंदरात उतरलेली विलायती सायकल या भागात पोचायची तर मनमाडला गाडी बदलून, किंवा मग हैदराबादच्या बाजूनं. स्टेशनपासून जिंतूर-चारठाण्याकडे पुढचा रस्ता बैलगाडीचा. त्या काळी सायकल असणं म्हणजे सरकारी नोकर, वकील, डॉक्टर, शाळामास्तर किंवा मोठा वतनदार असणं. तेव्हा भारतात येणाऱ्या सायकली मुख्यतः ब्रिटिश होत्या: नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए, हर्क्युलिस आणि फिलिप्स, कॉव्हेंट्रीची रज-व्हिटवर्थ, शिवाय हंबर. 1930 च्या दशकात स्वस्त जपानी मालही बाजारात उतरला होता. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या 2013 च्या पुस्तकात सायकल, शिवणयंत्र, टाइपरायटर आणि भातगिरणी या चार यंत्रांनी भारताचं रोजचं जगणं कसं बदललं ते मांडलं आहे. रेल्वे आणि धरणांवर ग्रंथ लिहिले जातात, पण शेतकऱ्याच्या ओसरीला टेकवलेल्या यंत्राचा इतिहास लिहायचं फारसं कुणाला सुचत नाही, म्हणून त्या पुस्तकाचं मोल.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्यानं पालटलं. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होताच. 1949 साली ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सशी भागीदारी करून मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली आणि हर्क्युलिस भारतात बनू लागली. सुधीरकुमार सेन यांनी रॅलेशी हात मिळवून आसनसोलजवळ सेन-रॅले काढली. 1951 मध्ये सोनीपतला जानकीदास कपूर यांची ॲटलास सुरू झाली, 1956 मध्ये लुधियानाला मुंजाल बंधूंची हीरो. बाहेरच्या मालावर निर्बंध आले आणि खेड्यापर्यंत पोचलेली सायकल बहुतांशी देशी झाली. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागायची पद्धत याच वर्षांतली. म्हणजे चारठाण्यासारख्या गावात आज कुणाच्या गोठ्यात, माळवदावर किंवा कडब्याच्या गंजीमागे उभी असलेली बिननावी सायकल इंग्लंडची असण्यापेक्षा आसनसोल, अंबत्तूर, सोनीपत, लुधियाना किंवा वरळीची असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. त्यानं तिची किंमत कमी होत नाही. उलट इंग्लंडच्या सायकलींची दप्तरं सांभाळणारे लोक इंग्लंडमध्ये आहेत. आपल्या सायकलींचं दप्तर आपण नाही ठेवलं तर दुसरं कोण ठेवणार?

आता प्रत्यक्ष सायकलीकडे वळू. रंगाला हात लावण्याआधी तिला रॉकेलच्या फडक्यानं पुसून घ्यावं आणि उन्हात तिरकी उभी करावी. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि रंग उतरवायचं रसायन या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात. जुन्या कारखान्यांत काळ्या इनॅमलवर सोनेरी रेघा ओढलेल्या असत आणि त्यावर पातळ ट्रान्सफर चिकटवलेलं असे. ते उडून गेलं तरी त्याखालचा रंग उन्हानं कमी विटलेला असतो, त्यामुळे तिरप्या उजेडात अक्षरांची सावली दिसू शकते. एकदा घासलं की ती कायमची गेली.

कपाळावरचा बिल्ला गेला असला तरी त्याची भोकं राहतात. दोन भोकं आहेत की चार, एकाखाली एक आहेत की शेजारी शेजारी, त्यांच्यात अंतर किती, हे मोजून कागदावर काढून ठेवावं. बिल्ला पडून गेला पण त्याच्या आकाराची कडा रंगाच्या थरात उमटलेली आहे, असंही पुष्कळदा दिसतं. माहीत असलेल्या बिल्ल्यांच्या मापाशी ही भोकं जुळवली की काही नावं लगेच बाद होतात. ओळख पटवण्याचं बरंचसं काम असं नावं बाद करत जाण्याचंच असतं.

मग यावं दातेरी चक्राकडे, म्हणजे पायडलजवळच्या मोठ्या चेनव्हीलकडे. जुन्या कंपन्यांनी आपली सही इथे केलेली आहे आणि ती लोखंडात कापलेली असल्यामुळे रंगारी किंवा चोर तिला सहज पुसू शकत नाही. रॅलेच्या चक्रात बगळ्याची तीन डोकी असतात, लांब चोचीसकट. रॅलेला मोठं करणाऱ्या फ्रँक बाऊडेन यांच्या घराण्याच्या चिन्हातला तो बगळा. हंबरच्या चक्रात पाच मानवाकृती गोलाकार मांडलेल्या दिसतात. रजच्या चक्रात हाताचा पंजा. बीएसएच्या चक्रात तिची तीन अक्षरं. या कंपनीचा जन्म 1861 चा आणि बंदुकांच्या धंद्यातला, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन बंदुका. चिखल, वंगण आणि गंज यांच्या थराखाली ही चित्रं वर्षानुवर्षं दडून राहतात. फडकं फिरवलं की बगळ्याची चोच वर येते, आणि ज्यानं चाळीस वर्षं ती सायकल चालवली त्यालाही ती पहिल्यांदाच दिसते.

चक्र सापडलं म्हणजे सायकल सापडली असं मात्र नाही. चेनव्हील बदलता येतं, आणि आपल्याकडे न बदललेली वस्तू सापडणं कठीण. म्हणून पुरावा एकाच जागेवरून घेऊ नये.

पुढच्या चिमट्याचे खांदे बघावेत. रॅलेच्या रोडस्टरला तिथे नळीसारखा क्राऊन आणि दोन्ही बाजूंना चकाकत्या टोप्या असतात. हंबरचा चिमटा तर लांबूनच ओळखू यावा. प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन बारीक नळ्या. चाकांच्या तारा मोजाव्यात. पुढे 32 आणि मागे 40 हा ब्रिटिश हिशोब आणि भारतीय कारखान्यांनी तोच उचलला. दोन्ही चाकांना 36 असल्या तर ती घडण युरोपीय वळणाची असू शकते, किंवा चाक नंतर कुणीतरी बदललेलं असतं. सीटच्या चामड्यावर कडेला ब्रुक्सचा ठसा आहे का? घंटीवर ल्युकस आहे का? डायनमोवर मिलर? या वस्तूंनी सायकलीचं नाव कळत नाही, पण त्यांचा काळ कळतो.

काळाचा सगळ्यात सरळ पुरावा मागच्या हबवर मिळतो, अर्थात हब तीन गिअरचं स्टर्मी-आर्चर असेल तर. खेड्यात गिअरची सायकल विरळाच, पण जिल्ह्याच्या गावी डॉक्टर-वकिलांकडे ती असे. 1936 साली आलेल्या त्यांच्या एडब्ल्यू हबच्या टरफलावर पुढे अनेक वर्षं उत्पादनाचं साल आणि महिना ठोकलेला असे. 54 आणि 9 असे आकडे दिसले तर सप्टेंबर 1954. हब फ्रेमच्या जोडीनंच कारखान्यातून आलं असेल तर सायकल त्यानंतरच्या काही महिन्यांतली. नंतर बसवलेलं असेल तर तारीख फक्त हबची. म्हणून ती तारीख फ्रेमच्या इतर खुणांशी ताडून बघावीच लागते.

फ्रेमवरचा नंबर हा सर्वात महत्त्वाचा. तो सीटच्या नळीच्या जोडावर असतो, किंवा तिच्या बाजूला, किंवा खाली पायडलचा आस जिथे बसतो त्या आडव्या नळीच्या पोटाशी, म्हणून सायकल उलटी करून बघावी. रंगाच्या चार थरांखाली आकडे बुजलेले असतात. पातळ कागद त्यावर दाबून धरायचा आणि पेन्सिलचं शिसं आडवं धरून हळूहळू फिरवायचं. डोळ्यांना 3 की 8 कळत नव्हतं ते कागदावर कळतं. झिजलेले शिलालेख वाचणारेही ठसा घेतात तो याच कारणासाठी. नंबरासोबत एखादं अक्षर असेल तर तेही सोडू नये, कारण अनेक कंपन्यांच्या नंबरात साल किंवा मॉडेल त्या अक्षरात असतं.

एक खूण अशी आहे की ती मिस्त्रीखेरीज कुणाला दिसत नाही: आटे. पायडलच्या आसाच्या दोन्ही बाजूंना जे कप फिरवून बसवतात, त्यांचे आटे बहुतेक ब्रिटिश सायकलींत इंचाला 24 असतात. रॅलेनं नॉटिंगहॅमला स्वतःचं माप धरलं, इंचाला 26. कप काढून त्याच्या आट्यांना स्टीलची पट्टी लावावी आणि अर्ध्या इंचात मोजावं. 12 भरतात की 13, एवढ्यावर मोठा निवाडा होतो. दुकानातला नवा कप ज्या सायकलीला दोन फेरे जाऊन अडकतो, तिच्या अंगात रॅलेचं रक्त असण्याची दाट शक्यता. ज्या मिस्त्रीनं असे अडकलेले कप आयुष्यभर हाताळले, त्याला कुठल्या सायकलीला कुठला कप लागेल हे बोटांनीच कळतं. त्याला जुन्या सायकलींचा अभ्यासक म्हणायला हवं. आपण त्याला पंक्चरवाला म्हणतो आणि पुढे जातो.

इथे आणखी एक पेच आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. बिल्ला शाबूत असला तरी तो सगळं खरं सांगतोच असं नाही. रॅलेनं 1932 मध्ये हंबरचा सायकल व्यवसाय घेतला, 1943 मध्ये रज घेतली, 1957 मध्ये बीएसएच्या सायकली घेतल्या. 1960 मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या ताब्यातल्या हर्क्युलिस, फिलिप्स वगैरे कंपन्या आणि रॅले एकाच छत्राखाली आल्या. त्यानंतर नावं वेगवेगळी, बिल्ले वेगवेगळे, पण फ्रेम एकाच कारखान्यातल्या, असं होत गेलं. भारतातही सेन-रॅलेच्या छताखाली रॅलेच्या जोडीनं हंबर, रज, रॉबिनहूड ही नावं चालली. म्हणजे दुहेरी नळीचा चिमटा असलेली हंबर कॉव्हेंट्रीच्या काळातली असेल, नॉटिंगहॅमची असेल, नाहीतर आसनसोलचीही असेल. बाजारात तिन्हींना ‘इंग्लिश हंबर’ म्हणून एकच भाव मागतात. ‘डबल दांडी म्हणजे विलायती’ हा समज तर पार टाकून द्यावा. जड ओझ्यासाठी आणि उंच फ्रेमसाठी दुसरी दांडी घालत, भारतीय कारखान्यांनी ती भरपूर घातली आणि दूधवाल्यांनी, पोतंवाल्यांनी आवडीनं घेतली.

लोखंड वाचून झालं की माणसांकडे जायचं. मराठवाड्यात हे काम पुण्या-मुंबईपेक्षा सोपं आहे, कारण इथल्या जुन्या माणसांच्या मनात काळाचे दोन भक्कम खुंटे रोवलेले आहेत: निजामाचं राज्य संपवणारी 1948 ची पोलीस ॲक्शन आणि बहात्तरचा दुष्काळ. ‘आजोबा, सायकल कोणत्या साली घेतली?’ असं विचारलं तर आजोबा विचारात पडतील. ‘पोलीस ॲक्शनच्या आधी होती का घरात?’ असं विचारलं तर लगेच हो किंवा नाही म्हणतील. ‘दुष्काळात खडीच्या कामावर कशानं जात होता?’ या प्रश्नाला सायकलीचं उत्तर आलं तर 1972 पूर्वीची सायकल आपोआप ठरली. आजी असतील तर त्यांना लग्नाचं विचारावं. सायकल कुणाच्या लग्नात आली, ती वरपक्षानं मागितली होती की मामानं हौसेनं दिली, हे बायकांच्या लक्षात पक्कं राहतं, आणि लग्नाची तारीख घरात कुठे ना कुठे लिहिलेली सापडते. मागच्या मडगार्डवर रंगानं नाव आणि गाव घातलेलं असायचं, काहींनी भांड्यावर घालतात तसं नाव फ्रेमवर ठोकून घेतलेलं असायचं. नगरपालिका सायकलीवर कर घेत तेव्हा दरसाल धातूचा बिल्ला देत, त्यावर गावाचं नाव आणि साल. जिल्ह्याच्या गावी वापरलेल्या सायकलीला असा बिल्ला कधी कधी अजून तारेनं बांधलेला असतो आणि भंगारवाला तो पहिल्यांदा काढून फेकतो.

या सगळ्यातून जे हाती येतं त्याचं स्वरूप बहुधा मिश्र असतं. फ्रेम पन्नाशीच्या दशकातली, चिमटा नंतरचा, चाकं लुधियानाची, सीट तिसऱ्याच सायकलीची, कॅरिअर गावच्या लोहारानं वाकवलेलं. संग्राहकांच्या जगात याला दोष मानतात. त्यांना सगळे भाग एकाच कारखान्याचे, एकाच सालचे हवे असतात. ही अपेक्षा जशीच्या तशी आपल्या सायकलींवर लादणं चूक आहे. इथली सायकल दोन-तीन पिढ्या रोज राबली. तिनं दुधाच्या कॅन ओढल्या, गवताचे भारे ओढले, बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. तिचा मोडलेला भाग जो मिळेल त्यानं बदलला गेला. लोहाराच्या हातचं कॅरिअर काढून इंग्लंडहून मागवलेलं बसवलं तर ती सायकल अधिक खरी होत नाही. ती कुणाचीच राहत नाही.

म्हणून या लेखाचा आक्षेप स्टिकरवर आहे. जुन्या कंपन्यांची ट्रान्सफर हुबेहूब छापून मिळतात, बिल्लेही मिळतात. ज्याच्याकडे ओळख पटलेली रॅले आहे त्यानं तिच्यावर नवं ट्रान्सफर लावलं तर बिघडत नाही, मात्र ते नवं आहे हे सांगून ठेवावं. जिची ओळखच पटलेली नाही तिच्यावर नाव चिकटवणं ही फसवणूक आहे, विकायची असो वा नसो. आजचा मालक मनाशी समजून असतो की नाव आपण लावलंय. त्याचा नातू ते खरं मानतो. नातवाकडून विकत घेणारा शपथेवर सांगतो. पुरातत्त्वात एखाद्या कोऱ्या वीरगळावर कुणी हौसेनं मजकूर कोरला तर ज्या चिडीनं आपण बोलू, तीच चीड इथेही यायला हवी.

विकत घेणाऱ्यानं आणखी एक काळजी घ्यावी. रंगाखाली बुजलेला नंबर वेगळा आणि कानस मारून घालवलेला नंबर वेगळा. नंबराच्या जागी धातू सपाट, उजळ, कानशीच्या समांतर रेघांचा दिसला तर सायकल कितीही देखणी असो, घेऊ नये. चोरीच्या मालाची ती ठळक खूण आहे. नंबर शाबूत असेल तर साध्या कागदावर तो नंबर, विकणाऱ्याचं नाव-गाव, किंमत आणि सही घ्यावी. खेड्यात यात कुणाला अपमान वाटू नये. बैल विकतानाही पावती होतेच.

ओळख पटवून घ्यायची तर जायचं कुठे? इंग्लंडमध्ये 1955 पासून व्हेटरन-सायकल क्लब आहे. एकेका कंपनीचा ध्यास घेतलेले तिथले सभासद फ्रेम नंबरावरून सायकलीचं साल सांगतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. स्वतःच्या हौसेनं जमवलेल्या जुन्या सायकली, रॉकेलचे आणि कार्बाइडचे दिवे, पंप, नगरपालिकांचे बिल्ले त्यांनी लोकांसाठी मांडून ठेवले आहेत. एका खासगी माणसाच्या जिद्दीवर हे उभं आहे, याचं कौतुक करावं आणि त्याच दमात विचारावं की हिंद, सेन-रॅले, ॲटलास यांच्या सायकलींचे फ्रेम नंबर कुठल्या सालचे, कुठलं चेनव्हील कधी बदललं, कुठला बिल्ला किती वर्षं चालला, याची सामान्य माणसाला बघता येईल अशी सूची सरकारी पैशानं का होऊ नये? हिंद सायकल्स आणि सेन-रॅले तर 1980 साली सरकारच्याच मालकीच्या झाल्या, अनुक्रमे नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन आणि सायकल कॉर्पोरेशन या नावांनी. ॲटलासनं 3 जून 2020 रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, साहिबाबादचा कारखाना थांबवला तेव्हा देशभर हळहळ झाली. पण कारखाना थांबल्यावर त्याच्या नोंदवह्यांचं काय होतं, हा प्रश्न त्या हळहळीत क्वचितच कुणी विचारला.

सुरुवात मोठी असायची गरज नाही. चारठाण्यात मंदिरं बघायला अभ्यासक आणि विद्यार्थी येतात. गावातल्या शाळेनं एका सुटीत नववीच्या मुलांना पट्टी, पेन्सिल, पातळ कागद आणि एक छापील तक्ता देऊन घरोघरी पाठवावं. फ्रेम नंबर, त्याची जागा, बिल्ल्याच्या भोकांचं अंतर, चेनव्हीलचं चित्र, तारांची संख्या, मडगार्डवरचं नाव, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत, एवढंच तक्त्यात भरायचं. कंपनीच्या नावाचा रकाना कोरा राहिला तरी चालेल. अंदाजानं भरलेला चालणार नाही. मुलांसोबत गावातला एक जुना सायकल मिस्त्री असावा आणि त्याला त्या दिवसाची मजुरी मिळावी, कारण तो तज्ज्ञ म्हणून येणार आहे. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी इथल्या शाळांनी हेच केलं तर परभणी जिल्ह्याची सूची एका उन्हाळ्यात तयार होईल, आणि सेन-रॅले किंवा हिंदचा नंबर आणि लग्नाची तारीख अशा जोड्या पुरेशा जमल्या की कारखान्याची वही हरवली असली तरी कुठला नंबर कुठल्या सालाच्या आसपासचा हे उलट्या बाजूनं मांडता येईल.

आणि ज्यांच्या घरात अशी सायकल आहे त्यांनी तोवर ती वापरात आणावी. नवीन रंग नको, तिळभरही नको. हबमधले छर्रे बदलावेत, आसाला ग्रीस भरावं, कॉटरपिन घट्ट ठोकून घ्यावी, ब्रेकचे रबर नवे घालावेत. 28 बाय दीडचा टायर आणि ट्यूब आजही बाजारात मिळते, कारण त्या मापाची काळी रोडस्टर भारतात अजून बनते आहे.